बायबलमधील 'आत्मा', मृत्यू आणि नरक : एक चिकित्सा

आपल्या धर्मचिकित्सक लेखनात एक मांडणी वारंवार आढळते. जगातील धर्मांचे दोन गट करायचे, एक आत्मवादी आणि दुसरा अनात्मवादी. मग वैदिक, जैन, ख्रिस्ती, इस्लाम या सर्वांना पहिल्या गटात बसवून बुद्धाचा धम्म तेवढा दुसऱ्या गटात ठेवायचा. ही मांडणी सोयीची आहे आणि व्याख्यानात ती श्रोत्यांना चटकन पटते. परंतु पूर्वपक्ष नीट समजून न घेता केलेले खंडन ही धम्माची रीत नव्हे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी बासष्ट दृष्टींचे खंडन करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक दृष्टी कोणत्या अनुभवातून अथवा कोणत्या तर्कातून निर्माण झाली, हे तपशिलाने सांगितले आहे. शाश्वतवाद्याला उच्छेदवादी म्हटलेले नाही, उच्छेदवाद्याला शाश्वतवादी म्हटलेले नाही. तोच न्याय बायबललाही मिळाला पाहिजे. म्हणून ख्रिस्ती धर्मसंस्था आत्म्याविषयी काय शिकवतात हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून खुद्द बायबलमध्ये काय आहे, हे प्रथम पाहू.

मराठी बायबल उघडणाऱ्या वाचकाची पहिली अडचण शब्दाचीच असते. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूर येथे १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर छापले गेले. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपले भाषांतर प्रसिद्ध केले. या मंडळींना धर्मविषयक शब्द नव्याने घडवता येणार नव्हते. जे शब्द येथील समाजाच्या तोंडी होते तेच घ्यावे लागले, आणि ते शब्द बहुतांशी ब्राह्मणी परंपरेने घडवलेले होते. 'आत्मा' हा त्यांपैकीच एक. 'पवित्र आत्मा' या शब्दसमूहात तो ग्रीक 'न्यूमा' या शब्दासाठी येतो, तर मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील शरीर व आत्मा यांच्या उल्लेखात तो 'प्सुखे' या अगदी वेगळ्या शब्दासाठी येतो. मूळ भाषेत दोन शब्द, दोन अर्थ. मराठीत एकच शब्द, आणि त्या शब्दाच्या पाठीवर उपनिषदांचे ओझे. 'आत्मा' म्हटले की अज, नित्य, अविकारी असे काहीतरी मराठी मनात आपोआप उभे राहते. मराठी ख्रिस्ती वाचक तोच अर्थ घेऊन बायबल वाचतो आणि आपला बौद्ध समीक्षकही तोच अर्थ घेऊन बायबलवर टीका करतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची वर्षे खर्चून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतराची भाषा त्यांना का खटकली असेल, हे या एका शब्दावरूनही ध्यानात यावे.

जुन्या कराराच्या हिब्रूत ज्या शब्दाचे भाषांतर अनेकदा 'आत्मा' असे होते तो शब्द 'नेफेश'. तो सुमारे साडेसातशे वेळा आला आहे. त्याचा मूळ अर्थ घसा, गळा. त्यावरून श्वास, भूक, इच्छा, प्राण आणि शेवटी 'माणूस' किंवा 'स्वतः' असे अर्थ निघतात. यशयाच्या पाचव्या अध्यायात मृत्युलोक आपला नेफेश पसरून तोंड उघडतो, तेथे घसा हाच अर्थ आहे. योनाच्या प्रार्थनेत पाणी नेफेशापर्यंत चढते, म्हणजे गळ्यापर्यंत चढते. गणनाच्या सहाव्या अध्यायात तर प्रेतालाही नेफेश म्हटले आहे. जो शब्द प्रेताला लावता येतो, तो शब्द देह सोडून जाणाऱ्या अमर तत्त्वाचा वाचक कसा असेल?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील सातवे वचन या बाबतीत निर्णायक आहे. देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत नेफेश 'होतो'. त्याच्या आत नेफेश 'ठेवला' जातो, असे तेथे म्हटलेले नाही. माती आणि श्वास एकत्र आले, त्या एकत्र येण्याचे नाव नेफेश. पहिल्या अध्यायात हाच शब्दप्रयोग पाण्यातील व जमिनीवरील जनावरांसाठीही आला आहे. बहुतेक भाषांतरांत मात्र जनावरांच्या वेळी 'प्राणी' आणि माणसाच्या वेळी 'जीवात्मा' असा भेद करण्याचा मोह आवरलेला नाही. उपदेशकाच्या पुस्तकाचा लेखक अधिक स्पष्ट आहे. माणसाचा आणि पशूचा श्वास एकच, दोघे मातीतून आले, दोघे मातीत जातात, माणसाचा श्वास वर जातो व पशूचा खाली जातो हे कोणी पाहिले आहे, असा त्याचा रोकडा प्रश्न आहे. त्याच पुस्तकाच्या शेवटी श्वास देणाऱ्या देवाकडे परत जातो असे वचन आहे खरे. पण एकशे चारावे स्तोत्र सर्व प्राणिमात्रांबद्दल तेच सांगते. देवाने उसना दिलेला श्वास देवाने परत घेतला, एवढाच त्याचा आशय. व्यक्तीची ओळख, स्मृती, पापपुण्याचा हिशेब घेऊन कोणी वर जात नाही. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर पाप करणारा नेफेश मरेल, असे थेट विधान आहे.

याच्या विरुद्ध काही वचने दाखवली जातात. राहेल बाळंतपणात मरते तेव्हा तिचा नेफेश निघून गेला असे म्हटले आहे. एलीया संदेष्ट्याने प्रार्थना केल्यावर विधवेच्या मुलाचा नेफेश परत आला असे म्हटले आहे. मराठी माणसाला यात काही अवघड वाटू नये. आपणही 'जीव गेला' म्हणतो, 'जिवात जीव आला' म्हणतो, 'जीव घशाशी आला' म्हणतो. असे म्हणणारा प्रत्येक जण आत्म्याच्या अमरत्वाचा सिद्धान्त मांडत नसतो. किंबहुना नेफेशाला मराठीत सर्वांत जवळचा शब्द कोणता, तर तो 'जीव' हाच आहे, 'आत्मा' नव्हे.

मग मेलेला माणूस जातो कोठे? जुन्या कराराचे उत्तर आहे : शिओल. हा शब्द तेथे पासष्ट वेळा येतो. मराठीत त्यासाठी 'अधोलोक' हा शब्द रूढ आहे आणि तो चांगला आहे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने मात्र एकतीस ठिकाणी 'थडगे', एकतीस ठिकाणी 'नरक' आणि तीन ठिकाणी 'खाच' अशा अर्थाचे शब्द घातले. सज्जन शिओलात गेला की भाषांतरात थडगे, दुर्जन गेला की नरक! मूळात असा भेद नाही. योसेफ मेला असे समजून त्याचा पिता याकोब शोक करतो, तेव्हा मीही शोक करीतच शिओलात माझ्या मुलाकडे जाईन असे म्हणतो. तो नरकात जाण्याची गोष्ट खचितच करीत नव्हता. पहिल्या शमुवेलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात एन-दोर येथील स्त्री मृत शमुवेलाला वर बोलावते. या कथेतून भुताखेतांची समजूत दिसते हे मान्यच. परंतु पुण्यवान शमुवेल देवाच्या कोपाला पात्र झालेल्या शौल राजाला काय सांगतो? उद्या तू आणि तुझे पुत्र माझ्याजवळ असाल. संदेष्टा आणि पतित राजा यांचा मुक्काम एकच. ईयोब आपल्या यातनांतून याच शिओलाकडे आशेने पाहतो, कारण तेथे लहान आणि थोर सारखेच असतात व दास आपल्या धन्यापासून मोकळा असतो. गुलामाला मोकळीक मिळण्यासाठी मृत्यूचीच वाट पाहावी लागत होती, अशा समाजाचे हे चित्र आहे. ते वाचताना आपल्या वाचकांना फार लांबचे काही वाचतो आहोत असे वाटणार नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात नरकाची धमकी कोठेच नाही, ही गोष्ट तर विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्यांसाठी आशीर्वाद आणि मोडणाऱ्यांसाठी शाप यांची लांबलचक यादी आहे : पाऊस, पीक, गुरे, मुलेबाळे, उलटपक्षी दुष्काळ, रोगराई, पराभव, परागंदा होणे. सर्व काही याच भूमीवर. अठराव्या शतकात वॉरबर्टन नावाच्या इंग्रज बिशपने याच अभावावर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याने काढलेला निष्कर्ष विचित्र आहे. मोशेने परलोकाची भीती न घालता राष्ट्र चालवले, त्याअर्थी त्याला ईश्वरी पाठबळ असलेच पाहिजे, असा तो तर्क. निष्कर्ष टाकून देता येतो, निरीक्षण टाकून देता येत नाही.

ही परिस्थिती पालटली कशी, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तत्त्वज्ञानात नसून इतिहासात आहे. इ. स. पूर्व १६७ मध्ये सिरियाचा राजा चौथा अँटिओकस याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि ज्यू धर्माचरणावर बंदी घातली. आज्ञा पाळणाऱ्यांना याच जन्मी समृद्धी मिळते, हे जुने गणित या छळात कोलमडले. कारण आता आज्ञा पाळणारेच मारले जात होते आणि आज्ञा सोडणारे सुखाने जगत होते. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील सातव्या अध्यायात एक आई आपल्या सात मुलांना एकापाठोपाठ एक हालहाल होऊन मरताना पाहते, आणि ती मुले छळकांना सांगतात की देव आम्हांला पुन्हा उठवील. याच काळात दानीएलाच्या पुस्तकाला आजचे रूप आले. त्याच्या बाराव्या अध्यायात मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठेसाठी, असे वचन आहे. मृतांच्या निरनिराळ्या गतीची इतकी स्पष्ट घोषणा हिब्रू बायबलमध्ये अन्यत्र नाही. येथेही अमर आत्मा नाही. निजलेले देह उठतात. मागणी अमरत्वाची नाही, न्यायाची आहे. छळ करणारा राजा आणि छळला गेलेला मनुष्य या दोघांचा शेवट एकाच मातीत होऊन प्रकरण मिटले, हे मान्य करायला ही माणसे तयार नव्हती. या मागणीची कोणी टवाळी करू नये. अन्यायाखाली भरडलेल्या समाजाने थडग्यापलीकडे न्यायालय उभारले, कारण थडग्याअलीकडचे न्यायालय त्याच्या शत्रूच्या ताब्यात होते. सदूकी नावाचा पुरोहितवर्ग मात्र पुनरुत्थान मानीत नसे. मंदिराची व्यवस्था ज्यांच्या हाती होती आणि इहलोकी ज्यांचे बरे चालले होते, त्यांना परलोकीच्या न्यायाची निकड भासली नाही, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

नरकासाठी नव्या करारात येशूच्या तोंडी जो शब्द येतो तो 'गेहेन्ना'. हिन्नोमाचे खोरे हा त्याचा मूळ अर्थ. यरुशलेमच्या दक्षिणेला आजही ते दाखवता येते. तेथील तोफेत या स्थळी लोक आपल्या मुलामुलींना अग्नीत होमीत असत. योशीया राजाने ते स्थळ भ्रष्ट करून ती प्रथा बंद पाडली, असे दुसऱ्या राजांच्या तेविसाव्या अध्यायात आहे. यिर्मयाने त्या खोऱ्याला वधाचे खोरे हे नाव पडेल असे सांगितले. तेथे शहराचा कचरा अखंड जळत असे, ही गोष्ट प्रवचनांत आणि चिकित्सक लेखनातही हमखास सांगितली जाते. परंतु येशूच्या काळातील तसा पुरावा नाही. ही माहिती प्रथम आढळते ती इ. स. १२०० च्या सुमारास होऊन गेलेल्या डेव्हिड किम्ही या ज्यू भाष्यकाराच्या लेखनात. आपण तरी ती पुढे चालवू नये.

गेहेन्ना हा शब्द नव्या करारात एकूण बारा वेळा येतो. अकरा वेळा मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि एकदा याकोबाच्या पत्रात. योहानाच्या शुभवर्तमानात तो नाही. पौलाच्या एकाही पत्रात तो नाही. ख्रिस्ती धर्म भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरवणाऱ्या पौलाने पापाचे वेतन मरण असे लिहिले, नरक असे लिहिले नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील ज्या वचनावर अमर आत्म्याचा सिद्धान्त उभा केला जातो, त्यातच देव आत्मा व शरीर या दोहोंचा गेहेन्नात नाश करू शकतो असे म्हटले आहे. ज्याचा नाश होऊ शकतो तो अमर कसा? मार्काच्या नवव्या अध्यायात न मरणारा किडा व न विझणारा अग्नी येतो, त्याचा आधार यशयाच्या शेवटच्या वचनात आहे. तेथे किडा आणि अग्नी प्रेतांना खात आहेत, जिवंत आत्म्यांना नव्हे.

तथापि समीक्षकाने आपल्या सोयीची वचनेच तेवढी पुढे करू नयेत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सार्वकालिक जीवन आणि सार्वकालिक शिक्षा ही जोडी एकाच विशेषणाने सांगितली आहे, आणि एकाला अंत नसेल तर दुसरीलाही नाही, हा पाचव्या शतकातील ऑगस्टीनचा युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही. प्रकटीकरणात रात्रंदिवस युगानुयुगे पीडा आहे. वेदीखालून न्याय मागणारे जीव आहेत. आणि त्याच पुस्तकात मृत्यू व अधोलोक यांनाच अग्निसरोवरात टाकून त्याला दुसरे मरण म्हटले आहे. मरणालाच जाळले तर तेथे नाश अभिप्रेत आहे की यातना? एकाच ग्रंथात दोन्ही सूर आहेत. तिसऱ्या शतकातील ऑरिजेनने पौलाची काही वचने घेऊन अखेर सर्वच जीव देवाकडे परत येतील असा विचार मांडला. पुढे तो धिक्कारला गेला. बायबल अनेक शतकांत अनेक हातांनी लिहिले गेले, आणि या प्रश्नावर त्याचे एकमत नाही. हे विधान श्रद्धावंतांना आवडणार नाही; पण ग्रंथ तसाच आहे.

लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांची कथा येथे थोडी सविस्तर पाहिली पाहिजे, कारण नरकाची सर्वाधिक चित्रे या कथेवरून काढली गेली आहेत. तिच्यातील स्थळ गेहेन्ना नसून 'हेडिस', म्हणजे शिओलाचा ग्रीक पर्याय, आहे. जांभळी वस्त्रे नेसून रोज मेजवान्या झोडणारा श्रीमंत. त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर. दोघे मरतात, लाजर अब्राहामाच्या उराशी आणि श्रीमंत ज्वाळेत. श्रीमंताने चोरी केली, खून केला, मूर्तिपूजा केली असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. त्याच्या दाराशी माणूस पडला होता आणि त्याने पाहिले नाही, एवढाच त्याचा अपराध. परंतु प्रवचनकार ज्याकडे सहसा लक्ष देत नाहीत ती गोष्ट पुढे आहे. ज्वाळेत पडलेला हा मनुष्य लाजराशी एक शब्दही बोलत नाही. तो अब्राहामाला सांगतो : लाजराला पाठव, तो पाण्यात बोट बुडवून माझी जीभ थंड करील. ते नाकारले गेल्यावर म्हणतो : मग लाजराला माझ्या पाच भावांकडे पाठव. जन्मभर त्याला लाजर दिसला नाही. मेल्यावर दिसला तो निरोप्या म्हणून, पाणक्या म्हणून. अग्नीनेही त्याच्या मनातील उच्चनीचता जळली नाही. आणि मेलेल्यांतून कोणी परत गेला तरी भाऊ ऐकणार नाहीत, कारण जे शास्त्र त्यांच्याजवळ आहे तेच त्यांनी ऐकले नाही, हे अब्राहामाचे शेवटचे उत्तर आहे. परलोकाच्या बातमीने माणूस सुधारतो, हा नरकवाद्यांचा मुख्य आधार. नरकाची म्हणून मिरवली जाणारी ही कथा तोच आधार काढून घेते. बायबलमधील या प्रकरणी मला सर्वांत मोलाचे काही वाटले असेल, तर ही कथा.

मग अमर आत्मा ख्रिस्ती धर्मात आला कोठून? ग्रीसमधून. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. नेफेशाचा 'प्सुखे' झाला, शिओलाचा 'हेडिस' झाला. आणि 'प्सुखे' या शब्दाभोवती तोवर प्लेटोचे तत्त्वज्ञान उभे राहिले होते. ऑस्कर कुलमन या प्रॉटेस्टंट पंडिताने १९५५ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानात हा भेद दोन मृत्यूंच्या तुलनेने दाखवला. सॉक्रेटिस आत्म्याच्या अमरत्वावर बोलत शांतपणे विषाचा प्याला घेतो, कारण त्याच्या दृष्टीने मृत्यू ही सुटका आहे. येशू मात्र गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, हा प्याला टळावा अशी याचना करतो. कारण त्याच्या परंपरेत मृत्यू हा खराखुरा अंत आहे आणि त्यातून कोणी उठवले तरच उठायचे आहे. कुलमनवर त्याच्याच धर्मबांधवांनी बरीच आगपाखड केली. चर्चने मात्र दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या : आत्मा स्वभावतः अमर आणि शेवटी देहाचेही पुनरुत्थान. १५१३ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने व्यक्तीच्या आत्म्याचे अमरत्व हा अधिकृत सिद्धान्त ठरवला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही प्रत्येक आत्मा देव थेट निर्माण करतो व तो मरत नाही, असेच आहे. आत्मा आधीच स्वर्गात पोहोचला असेल तर शेवटच्या दिवशी देह कशासाठी उठवायचा, हा सांधा तेव्हापासून निखळताच राहिला आहे.

आता धम्माच्या दृष्टीने पाहू. वरील विवेचनावरून जुन्या करारातील माणूस उपनिषदांच्या आत्मवादापेक्षा पंचस्कंधांच्या विचाराला जवळचा वाटेल. माती आणि श्वास यांचा संयोग म्हणजे माणूस, संयोग सुटला की माणूस नाही. हे साम्य खरे आहे, पण ते येथेच थांबते. स्कंध कोणी फुंकत नाही; ते प्रत्ययांनी उत्पन्न होतात. हिब्रू श्वासाला मात्र मालक आहे. आत्मा नसला तरी मालक आहे, आणि बायबलवरील बौद्ध टीका त्या मालकाकडे वळली पाहिजे, नसलेल्या उपनिषदी आत्म्याकडे नव्हे. मर्यादित आयुष्यातील मर्यादित कर्माला अमर्याद शिक्षा देणारा न्यायाधीश हा न्यायाची कोणतीही कसोटी उतरत नाही. आणि शिक्षेचा निकष आचरण नसून विश्वास आहे, असे म्हटले की प्रकरण अधिकच बिघडते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न दिले की नाही, एवढेच विचारले आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात मात्र विश्वास न ठेवणारा आधीच दोषी ठरला आहे. मार्काच्या शेवटी असलेले तशाच आशयाचे वचन चौथ्या शतकातील दोन सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत नाही, पण मिशनऱ्यांच्या तोंडी तेच अधिक होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येशू व बुद्ध यांच्यातील जो भेद पुढे आणला तो नेमका हाच आहे : एकाने स्वतःला मान्यता देण्याची अट तारणाला जोडली, दुसऱ्याने स्वतःसाठी अशी कोणतीही जागा ठेवली नाही.

येथे आपल्या घरातील गोष्टही बोलली पाहिजे. मज्झिमनिकायातील देवदूत आणि बालपंडित या सुत्तांत निरयाची जी वर्णने आहेत, तापलेल्या लोखंडाची, कुऱ्हाडींची, ती वाचून कोणताही मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रकार खूश झाला असता. देवदत्त कल्पभर निरयात राहील, असे विनयात आहे. पापकर्माचा क्षय झाला की निरयवास संपतो, तो अनंत नाही आणि कोणाच्या कोपाने मिळालेला नाही, हा भेद मोठा आहे. तरीही कल्पभर हा काळ लहान नव्हे. आत्मा नाही तर निरय कोण भोगतो, हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल आणि विचारला पाहिजे. बाबासाहेबांनी तो स्वतःच विचारला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रास्ताविकात आत्म्याचा नकार आणि कर्म-पुनर्जन्माचा स्वीकार यांतील विसंगती त्यांनी उघडपणे मांडली, आणि पुनर्जन्म आत्म्याचा नसून भौतिक तत्त्वांचा, असे उत्तर दिले. संयुत्तनिकायातील पाताल सुत्त या संदर्भात आपल्याकडे फारसे वाचले जात नाही, हे आश्चर्य आहे. समुद्राच्या तळाशी अथांग पाताळ आहे असे अज्ञ जन म्हणतात, पण ते असत् गोष्टीविषयी बोलतात. पाताळ हे शारीरिक दुःखवेदनांचे नाव आहे, असे तेथे भगवंत सांगतात. नरकाची जागा भूगोलातून उचलून अनुभवात आणणारे हे वचन निरयाच्या सर्व वर्णनांपेक्षा मला अधिक बुद्धाचे वाटते. १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी नरक हे स्थळ नसून देवापासून तुटल्याची अवस्था आहे, असे सांगितले तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. इंग्लंडच्या चर्चच्या सिद्धान्त-आयोगानेही १९९५ च्या अहवालात अनंत यातनेचे चित्र सोडून देऊन नरक म्हणजे अस्तित्वाचा संपूर्ण अभाव, असा अर्थ लावला. आज एखाद्या सुशिक्षित ख्रिस्ती मनुष्याशी वाद घालताना आपण तेराव्या शतकातील नरकावर तुटून पडलो, तर तो हसून म्हणेल, हे तर आम्हीही सोडले.

वादाचा खरा मुद्दा अन्यत्र आहे आणि तोही बाबासाहेबांनीच दाखवून ठेवला आहे. धर्मांतरित अस्पृश्य ख्रिस्त्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले प्रकरण महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यात ते विचारतात : हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले की तुझी अवनती तुझ्या पूर्वकर्मामुळे आहे, ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती तुझ्या आदिपूर्वजाच्या पापामुळे आहे, मग त्याच्या सुटकेचा मार्ग कोणता? दोन्ही उत्तरांत त्याच्या भोवतालची समाजव्यवस्था निर्दोष सुटते. आत्मा अमर असो की मर्त्य, नरक शाश्वत असो की क्षणिक, दुःखाचे कारण माणसाच्या आत, त्याच्या जन्मापूर्वी नेऊन ठेवले की गावकुसाला हात लावण्याची गरज उरत नाही. ईयोबाने वर्णिलेल्या अधोलोकात लहान-थोर एकत्र होते. तिरुचिरापल्ली येथील एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मात्र दलित ख्रिस्त्यांची थडगी इतरांच्या थडग्यांपासून वेगळी ठेवणारी भिंत उभी होती, आणि २०१० च्या सुमारास ती पाडण्यासाठी आंदोलन करावे लागले.